लाम अक्षरापाशी

"लेल्ला रौधा, कोणीतरी रोज संध्याकाळी हे विंडोज मागं फिरवतंय," कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला स्कंदर मॅकवरची नजर न काढता म्हणाला. "दिवसभर लिहिलेलं रोज साफ. व्हायरसबियरस शिरलाय की काय?"

"हळू बोल," रौधा म्हणाली. "मीच फिरवते."

स्कंदरनं मान वर केली. "घ्या! लोक मला हरवलेलं शोधायला बोलावतात, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं हरवताय?"

रौधानं दार लोटून घेतलं. बाहेर अंगणात बाबा कॉफीचा कप घेऊन रेडिओ ऐकत बसले होते.

बाबा म्हणजे सी लारूसी, सगळ्यांचे लारूसीसाहेब. बिझर्तच्या बंदरात चाळीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर मच्छिमारांच्या शब्दांचा कोश लिहायला घेतला. कोशाचा तो जुनापुराणा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा. म्हणून रौधाच्या मॅकमध्येच विंडोज बसवलं होतं, एका घरात दुसरा संसार थाटावा तसं.

गेल्या वर्षी नवरा गेला आणि रौधा स्फाक्सहून माहेरी आली. चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला उठवलं ते बाबांच्या विसरण्यानं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग एके दिवशी मासळीबाजारातून घरी यायची वाटच. बघायला घरात दुसरं होतं कोण? डॉक्टरांचं नाव काढलं की बाबा विषयच बदलायचे.

मग एके सकाळी त्यांनी आदल्या दिवशी लिहिलेली पानं पाहिली आणि विचारलं, "हे कोणी लिहिलं गं?" चेहरा पार भेदरलेला. तो चेहरा रौधाला पुन्हा बघायचा नव्हता. तिनं विंडोज आठवडाभर मागच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे तेव्हा जसंच्या तसं जपून ठेवलेल्या स्थितीवर, नेऊन ठेवलं. लाम या अरबी अक्षराचं पहिलं पान उघडलं, तसे बाबा खुलले. "हां, इथंच तर होतो मी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती तेच करत होती. सात महिने झाले.

"म्हणजे काका रोज लाम लिहितात?" स्कंदरनं विचारलं.

"रोज लाम. न आठवणारं पान त्यांच्या समोर यायलाच नको."

स्कंदर पुन्हा मॅककडे वळला.

काल मॅकनं जागा संपल्याचा इशारा दिला होता आणि विंडोज तीनदा उघडता उघडता बंद पडलं होतं. चौथ्यांदा ते उघडलं, पण रात्रभर तिला झोप नव्हती.

"तो स्नॅपशॉट गेला तर?"

"जाऊ शकतो की. मॅकच्या लेखी तुमचं अख्खं विंडोज म्हणजे एक भलीमोठी फाइल. स्नॅपशॉट तिच्याच आधारानं उभा. ती बिघडली की दोघं एकदम गेले. त्यालाच बॅकअप समजून निवांत बसणारी माणसं मला रोज भेटतात."

"पण बॅकअपची डिस्क कायम लावलेली असते."

"असते ना. पण त्या बॅकअपमधून नेमकी हीच फाइल वगळलीय. हे कुणाचं काम?"

रौधानं जीभ चावली. डिस्क सारखी भरायची म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिनंच ती वगळली होती.

"मीच."

"भलत्याच उद्योगी आहात तुम्ही."

त्यानं विंडोज नीट बंद केलं आणि ती सबंध फाइल स्नॅपशॉटसकट दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायला घेतली. एक घरात ठेवायची, दुसरी शेजारी, असं बजावून सांगितलं.

"रौधा, आज वार कोणता?" अंगणातून हाक आली.

"गुरुवार, बाबा. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

"तिसऱ्यांदा? मग आता राहील लक्षात."

स्कंदरला हसू आलं. रौधालाही आलं, पण लगेच डोळे भरले. "हे गेलं असतं ना," ती म्हणाली, "तर बाबा हातचे गेले असते. मला आता आणखी कुणाला गमवायचं बळ नाही रे."

"जात नाही कुठं. बघा, झालं उतरवून." त्यानं दोन्ही प्रती उघडून तपासल्या. लाम अक्षर जागच्या जागी होतं. रौधानं सुटकेचा श्वास सोडला.

"आता एक शेवटचं काम," स्कंदर म्हणाला. "विंडोज जुनं आहे, त्याची अपडेटं कधीच बंद झालीत. कीड शिरलीच तर आतल्या आत राहू दे. तिथून तुमच्या मॅकमध्ये यायला, दोन्हीकडून उघडणाऱ्या शेअर्ड फोल्डरची वाट आहे, ती बंद करतो." मग तो थबकला. "हे रिकामं नाहीये. तुमचं आहे?"

"मी ते कधी उघडलंही नाही."

"मग आतून कुणीतरी टाकलंय. विंडोज कितीही मागं फिरवा, इथं बाहेर आलेलं बाहेरच राहतं."

रौधा खुर्ची ओढून जवळ बसली. लाम, मीम, नून, पुढं थेट शेवटच्या अक्षरापर्यंत सगळ्या फाइली ओळीनं होत्या. कोश चार महिन्यांपूर्वीच पुरा झाला होता. त्याखाली रोजच्या तारखेची एकेक छोटी फाइल होती, दोनशेच्या वर. तिनं कालची उघडली.

"आज पुन्हा लाम. जेवलो असताना जेवण मागितलं, तशी रौधा खेकसली आणि मग स्वतःच हसत सुटली. आली तेव्हा पोरीला यातलं काहीच जमत नव्हतं. अजून महिनाभर तरी विसरत राहायला हवं."