खोकण्याची नोकरी

माधवरावांनी लोणावळ्यात पहिला बंगला घेतला आणि आपल्या ठणठणीत गड्याला, अंबाजीला, घोंगडी पांघरून ओसरीवर खोकायला बसवलं. शेजारी क्षयाचा रोगी आला, या धास्तीनं पलीकडचा बंगला त्यांना निम्म्या किमतीत मिळाला. मग अंबाजी त्या ओसरीवर. असे पाच बंगले झाल्यावर माधवराव तिथंच सहकुटुंब राहायला आले आणि त्यांनी विक्री काढली.

मुंबईचे शेटजी बघायला आले, तोच माधवरावांच्या मागून खोकला ऐकू आला. शेटजी टांग्यातून न उतरताच परतले.

"बंगले विकले की तुझं काम सुटतं, म्हणून मुद्दाम खोकलास ना?" माधवराव ओसरीवरच्या अंबाजीवर खेकसले.

अंबाजीनं तोंडातला भाकरीचा घास गिळला.

"म्या न्हाई, मालक. आत वैनीसाब खोकत्यात."