जोडपंच पाहिजे

“दोघांपैकी एकाचे कान सतत जागे हवेत, काका. म्हणून तर आम्ही जोडपंच घेतो,” कॅम्प चालवणारी आसावरी म्हणाली, आणि कमळने चटकन नवऱ्याकडे पाहिलं.

आसावरीचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. ओठांवरून वाचलं होतं. कमळला ऐकू येत नव्हतं, आणि हे जगात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

भिवंडीत, कामतघरला, तिच्या घराखालीच नवऱ्याचे कापड विणायचे लूम होते. लग्न होऊन आली आणि कांड्यांवर सूत भरायला बसली. त्या खडखडाटाने हळूहळू तिचे कान खाऊन टाकले. पण कळणार कसं? लूमवर कोण कुणाशी घशाने बोलतं? सुताची तार तुटली की बोटाने दाखवायचं, चहा हवा तर अंगठा ओठाला लावायचा, बाकीचं समोरच्याच्या तोंडावरून उचलायचं. खालची ही सवय वर जेवणाच्या ताटापर्यंत आलेली. बाळाराम, तिचा नवरा, तिच्याशी बोलायचा तो समोर उभा राहून, हातवारे करून. अख्खी गल्लीच तशी बोलायची. त्यात एक बहिरी बाई सहज खपून गेली.

सांगायचं तिने कितीदा तरी ठरवलं. पण बाळाराम चार माणसांत छाती फुगवून सांगायचा, “आमची कमळ वर बसून सांगंल, कंच्या लूमची तार तुटली ती!” ते तिला पायाखालच्या हादऱ्यावरून कळायचं; पण असं कौतुक करणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता ते राहूनच गेलं.

मग धंदा बसला. लूम भंगारात गेले आणि बाळारामचं चित्त थाऱ्यावर राहीना. रिकाम्या शेडमध्ये जायचा, बाहेर यायचा, नाक्यापर्यंत जाऊन लगेच परतायचा. डोकं उठतं म्हणून मोबाइलसुद्धा त्याने पुतण्याला, भावेशला देऊन टाकला. अर्ध्या जेवणावरून उठायचा. एवढा आडदांड गडी, पण एकदा भिंतीकडे तोंड करून रडताना कमळने त्याला पाहिलं, आणि तिचा जीव कळवळला.

अशातच भावेशने ही खबर आणली. शहापूरच्या पुढे डोंगरात, जंगलात तंबूंचा कॅम्प आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत नवरा-बायको हवेत. तंबू सांभाळायचे, चूल पेटती ठेवायची, पाहुण्यांकडे बघायचं. राहायला खोली, वर पगार. बाळाराम लहान पोरासारखा हरखला.

“कमळ, घरात बसून बसून मी येडा होईन ग,” तो म्हणाला. “चल ना!”

यावर ती नाही कशी म्हणणार? बोचकं बांधून निघाली.

आणि आता ही आसावरी कानांचं काढून बसली होती. “पोर दरीकडे जाऊन रडलं, झाडीतून कुणी हाक मारली, तर धावायला हवं. इथे मोबाइलला रेंज नाही. आजचा दिवस काम करून दाखवा, मग ठरवू.” बाळारामने जोरजोरात मान डोलावली. कमळनेही डोलावली.

दोघं तंबूंच्या दोऱ्या ताणायला गेली. कमळने मनाशी पक्कं केलं, नवऱ्यावरची नजर हलवायची नाही. तो वळला की आपण वळायचं, तो धावला की आपण धावायचं. त्याचे कान ते आपले कान. संसारात एवढं तर चालतंच की!

पण तिच्या हाताला काम लागेना. खुंटी एकीकडे, हातोडा दुसरीकडे. मान वर करून बघावं तर बाळाराम तिच्याकडेच बघत असायचा. पुन्हा बघावं, पुन्हा तेच. अगं बाई, ह्याला संशय तर आला नाही? तिने पदराने तोंड पुसलं, उगाच हसून दाखवलं. तोही हसला, पण त्याची नजर काही हलली नाही.

एवढ्यात आसावरी धावतच दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पळी, गळ्यात शिट्टी. चेहरा लालबुंद.

“मघापासून ओरडतेय मी! ताट बडवलं, शिट्टी फुंकली. दोघांपैकी एकानेही वळून बघू नये? खरंच कुणी दरीत पडलं असतं तर?”

कमळने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गुंगला असेल बिचारा, तिला वाटलं. किती दिवसांनी हाताला काम मिळालं त्याच्या! दुसऱ्या एखाद्या बाईने अशा वेळी धावून नवऱ्याला हलवलं असतं. आपण ठोंब्यासारखं त्याच्याकडे बघत बसलो. आपल्यापायी त्याचं हे जंगल गेलं. आता लपवण्यात काय राम? सांगून टाकायचं, माझे कान गेलेत, ह्यांना ठेवा, ह्यांच्या जोडीला दुसरं कुणी बघा.

तिने तोंड उघडलं. पण बाळाराम हात आडवा करून पुढे झाला होता. त्याचे ओठ दिसावेत म्हणून ती घाईने बाजूला सरकली.

“ताई, माझे कान कधीचेच गेलेत,” तो हात जोडून म्हणत होता. “हिला पन कधी सांगितला न्हाय. पन आमाला घालवू नका. ही आज दोऱ्यांत गुंगली, येवढंच. आमच्या कमळला झाडाचं पान पडलं तरी आयकू येतं. तिच्याच भरवशावर तर मी आलोय!”