पाळतीविरुद्ध निवेदन

नंदनवनच्या शाळेत लिखाणाचं नवं खुलं सॉफ्टवेअर आलं. फुकट, आणि सगळं ऑनलाइन; एकाच मजकुरात अनेकांना एकदम लिहिता यायचं. यमुताईंना पहिल्या दिवसापासूनच संशय. "फुकट कोण देते वं नंदिनी? मुख्याध्यापक घरी बसून आपलं सगळं वाचत असतीन."

दोघी शिक्षिकांनी संस्थाचालकांना निवेदन लिहायला घेतलं. संगणकात दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यातच. "मुख्याध्यापकांची पाळत थांबवा" एवढं लिहून होतं न होतं, तोच पडद्यावर मुख्याध्यापकांचं नाव उगवलं.

"गेली वं माही नोकरी!" यमुताई खुर्चीतून उठल्याच.

मजकुराखाली एकेक अक्षर उमटू लागलं. "मी नाही जी ताई. संस्थावालेच माझ्यावर नजर ठेवून राहिले. माझीबी सही घ्या. पाठवायची गरज नाही, ते वाचूनच राहिले असतीन."