परत मागितलेला डबा

वेदश्री दारात पोचली तेव्हा दुर्गव्वा बाटलीतलं दूध मनगटावर टाकून बघत होती. मांडीवर सुनेची, पद्माची मुलगी भुकेनं मुठी चोखत होती.

"अव्वा, थांबा! ते पाजू नका!"

दुर्गव्वानं मान वर केली. सुनेच्या शाळेतली टीचर, चप्पलसुद्धा न काढता उंबऱ्यात उभी.

"का वो? तुम्हीच दिलेला डबा हाय. आजच फोडला."

"आजच? आधी दिलं नाही ना यातलं?"

"आम्ही आणलेला पयला काल संपला. का?"

वेदश्रीनं दाराची चौकट धरली. रिक्षातून येताना सारी वाट तिनं या एका उत्तराची धास्ती घेतली होती. दुर्गदबैल बाजाराच्या गर्दीत हातगाड्यांमागं रिक्षा अडकली, तेव्हा "जल्दी होगरी, अण्णा," अशी घाई तिनं इतक्यांदा केली की शेवटी रिक्षावाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"तो डबा मी परत न्यायला आलेय," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला कळलं, की सुरुवात चुकली.

दुर्गव्वानं बाटली खाली ठेवली. बाळाला खांद्यावर घेतलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली ताठ बसून ती म्हणाली, "बारशाला आलात. पाण्याचा घोट घेतला न्हाईत. उपास हाय म्हणालात. त्या दिवशी कसला उपास वो? मी इचारलं न्हाई. पद्मा म्हणली, अव्वा, गप. मी गप बसले. आज दिलेलं बी परत न्यायला आलात?"

 वेदश्रीचा त्या दिवशी उपास नव्हताच.

"अव्वा, पावडर खराब आहे. आत जंतू आहेत."

"पाणी खळाखळा उकळलंय मी. बाटली बी उकळली."

"तुमचं काहीच चुकलं नाही. डब्याला सील होतं तेव्हाच ते आत होते. वासानं कळत नाही, चवीनं कळत नाही. या नंबरचे सगळे डबे कंपनीनं परत मागवलेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन डबे मी एकदमच आणले होते. एक पद्माला दिला." वेदश्रीनं डब्याकडं बोट केलं. "दुसऱ्यातलं माझ्या साकेतला पाजलं. तापानं फणफणलाय. दवाखान्यात आहे, सलाईनवर. डॉक्टरांनी डबा मागवून बुडाचा नंबर पाहिला. तेव्हा मला इथला डबा आठवला. पद्माला फोन करत होते, पण परीक्षेची ड्यूटी, फोन बाहेर ठेवलेला. तुमचा सिद्राम बेलूरला, फॅक्टरीत. त्याचा लागतच नाही."

दुर्गव्वा तिच्याकडं बघत राहिली. विस्कटलेले केस, उलटी घातलेली ओढणी.

"लेकरू दवाखान्यात टाकून इथं आलात?"

"त्याचे बाबा आहेत जवळ."

दुर्गव्वा उठली. बाळाला कडेवर घेऊनच तिनं बाटली मोरीत रिकामी केली, वर तांब्याभर पाणी ओतलं. डबा पिशवीत घालून पिशवीला करकचून गाठ मारली.

"घेऊन जावा. कचऱ्यात टाकला तर कुणी तरी उचलंल."

एवढा वेळ कुरकुरणारी मुलगी आता टाहो फोडून रडायला लागली. बाटली दिसली होती, ती गेली होती. दुर्गव्वानं तिला थोपटलं, झुलवलं, कन्नडमधून समजावलं. काही उपयोग होईना.

"मेडिकलमधून दुसरा डबा आणते," वेदश्री म्हणाली. पण पाय हलले नाहीत. आता कुठल्या डब्याचा भरवसा धरायचा?

दुर्गव्वाही 'आणा' म्हणाली नाही.

मुलगी रडत होती. वेदश्रीनं ओढणी छातीशी घट्ट ओढून घेतली. साकेतचं तोंडानं पिणं डॉक्टरांनी सध्या बंद ठेवलं होतं. तिचं दूध भरून येत होतं आणि दवाखान्याच्या बेसिनमध्ये वाहून जात होतं. आज सकाळपासून तेही झालं नव्हतं. त्या रडण्यानं कुडता भिजत चालला होता. दुर्गव्वाला ते दिसलं. तिनं नजर वळवली.

"अव्वा," वेदश्री म्हणाली, "मी पाजू?"

दुर्गव्वाचं थोपटणं थांबलं.

"तुमच्या घरात चालंल?"

"विचारलं नाही मी कुणाला."

"उद्या कळलं तर?"

"कळू दे."

 दुर्गव्वा घराचा विचार करत होती, की सुनेचा, की बारशाच्या दिवसाचा, ते वेदश्रीला उमगेना. मुलीचा आवाज बसत आला होता.

"पद्माला मी सांगीन," दुर्गव्वा शेवटी म्हणाली. "ती काय म्हणंल ते ऐकून घ्यायचं. तुम्ही बी, मी बी."

वेदश्रीनं मान डोलावली, चप्पल काढली आणि हात पुढं केले.

दुर्गव्वानं बाळाला दिलं नाही. एक पाऊल मागं सरली.

"दवाखान्यातनं आलाय न्हवं? रिक्षानं, बाजारातनं? तिकडं साबण हाय. आधी हात धुवा."

वेदश्री मोरीपाशी बसली. साबण लावला, मनगटापर्यंत चोळला, पाणी घेतलं. वर पाहिलं तर दुर्गव्वा रडणारं बाळ छातीशी धरून, जवळच उभी राहून, तिच्या हातांकडं बघत होती.

"कोपरापर्यंत," ती म्हणाली.