आक्काताईंची परडी

इस्लामपूरच्या आक्काताईंच्या अंगणात उमललेलं प्रत्येक फूल उजाडायच्या आत परडीत पडायचं आणि परडीतून थेट देव्हाऱ्यातल्या विठोबाच्या पायांशी. म्हणूनच त्यांच्या सुनेनं, क्रांतीनं, आपलं बुटकं डेंड्रोबियम ऑर्किड स्वयंपाकघराच्या खिडकीत लपवल्यासारखं ठेवलं होतं.

“कोळशाच्या तुकड्यांत कुठं झाड जगतं व्हय गं?” आक्काताई हसायच्या. थंडीत क्रांतीनं त्याचं पाणी जवळजवळ बंदच केलं. पानं गळाली, नुसत्या काड्या उरल्या. “घाल की आता बंबात!”

“थांबा वो आत्या. ह्या उघड्या काड्यांनाच फुलं येत्यात.”

आणि खरंच, फाल्गुनात काड्या कळ्यांनी भरल्या आणि एकेक कळी उमलू लागली. दशमीच्या संध्याकाळी आक्काताई कीर्तनाला निघाल्या, तेव्हा क्रांतीनं हात जोडले. “आत्या, ही फुलं तेवढी तोडू नका. झाडावर ऱ्हायली तर लय दिवस टिकत्यात.”

“उद्या एकादशी हाय. देवापेक्षा तुझं झाड मोठं व्हय?”

पहाटे जाग आली तशी क्रांती धावतच देव्हाऱ्यापाशी गेली. परडी रिकामी होती. देव्हाऱ्यात विठोबाही नव्हता.

ती स्वयंपाकघरात आली. काड्या खालपासून वरपर्यंत जांभळ्या फुलांनी डवरल्या होत्या. कुंडीपाशी पाटावर पितळेचा विठोबा उभा होता, आणि समोर हात जोडून आक्काताई.

“तोडायला हातच उठंना बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “मग ह्यालाच उचलून आणलं. म्हणलं, एवढं घडवलंस, एकदा डोळ्यानं बघ तरी.”