सोड

"सोड." मागून आवाज आला आणि कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्यानं उडवायला निघालेली हर्षदा जागीच थांबली. गोलकीपर जास्मिन पुढं आली असणार, तीच झेलेल. कोल्हापूरच्या मैदानापासून दोघींचं हेच ठरलेलं.

पण जास्मिन गोलरेषेवरच होती. हर्षदाच्या पाठीमागून समोरच्या संघाची पेमा निसटली आणि तिनं चेंडू आरामात जाळ्यात सारला. दक्षिण आशियाई मुलींच्या स्पर्धेची फायनल, शेवटचं मिनिट.

"बॉल कशाला सोडलास गं?" जास्मिनचा आवाज चिरकला. "मी वरडलेच न्हाई."

हर्षदा रेफरीकडं धावली, पण तिच्यापर्यंत पोचून तशीच मागं फिरली. रेफरीला मराठी कुठं येत होतं? अख्ख्या मैदानात ते त्या दोघींनाच यायचं. आणि एका शब्दापुरतं पेमाला.

दोन्ही संघ एकाच हॉस्टेलवर उतरले होते. जेवताना पेमा हर्षदाच्या ताटातलं उकडलेलं अंडं मुठीत धरायची आणि "सोड" म्हटल्याशिवाय द्यायची नाही. तिला स्वतःला मात्र ते जमायचं नाही, ती "चोड" म्हणायची. हर्षदानं हसत हसत तो शब्द तिच्याकडून घोटून घेतला होता.

पदकं वाटून झाली. पेमा पळत आली आणि तिनं हर्षदाला घट्ट मिठी मारली. तिच्या गळ्यातलं सुवर्णपदक हर्षदाच्या छातीत रुतलं.

"सोड," हर्षदा म्हणाली.

पेमानं मिठी सोडली नाही. हर्षदाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं लाडानं विचारलं, "अब ठीक बोला ना मैंने?"