शाळेपुढचं भात

“पालिका आणि जनता एकत्र आली की वेगसुद्धा गुडघे टेकतो!” मेयर दुमागिट शाळेपुढच्या रस्त्यात उभे राहून माइकवर गरजले. खरं तर पालिकेच्या ‘सावकाश’ पाट्यांना प्रवासी जीपनी हाकणारा एकही ड्रायव्हर भीक घालत नव्हता. त्यातल्या एका पाटीवर सध्या मासळी वाळत होती. शेवटी शाळेत जाणाऱ्या नातीच्या काळजीने म्हाताऱ्या तिया इसिंगने आपलं झोडलेलं भात वाळवायला शाळेपुढेच अर्ध्या रस्त्यावर पसरलं. तिच्या शिव्यांच्या धाकाने गाड्या गोगलगाईसारख्या सरकू लागल्या आणि पोरं नाचत रस्ता ओलांडू लागली.

“हा माझ्या योजनेचा विजय आहे!” मेयर म्हणाले.

“तुमचाच हो, मेयरसाहेब,” हातातलं दाताळं सावरत तिया इसिंग म्हणाली. “फक्त जरा बाजूला व्हा की. भातावर उभे आहात.”